सरकार बदललं, रस्ता अडला: कोर्टात जावं का?

प्रश्न: आमच्या रस्त्याला आधीच्या सरकारच्या काळात प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा झाली, कार्यारंभ आदेश निघाला, खडीही येऊन पडली. सरकार बदललं आणि ‘पुढील आदेशापर्यंत स्थगिती’ असं एका ओळीचं पत्र आलं. एक नेते म्हणतात, याचिका माझ्या नावाने टाकू. दुसरे म्हणतात, सरकारच्या निर्णयात कोर्ट पडत नाही. काय करावं? – एक महिला सरपंच

उत्तर: सरपंचताई, दुसऱ्या नेत्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. कोणत्या रस्त्याला आधी पैसे द्यायचे हे निवडून आलेलं सरकार ठरवतं. त्यात उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही, आणि माझ्या मते घालूही नये. पण निर्णय कसा घेतला, मनमानी झाली का, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली तपासता येतं. सतलज-यमुना कालव्याच्या वादात (हरियाणा विरुद्ध पंजाब, 2002) सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की, राजकीय विचारसरणीचा प्रश्न नसेल तर आधीच्या सरकारचं अर्धवट काम पुढे नेणं नव्या सरकारचं कर्तव्य आहे.

ते एका ओळीचं पत्र जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयातल्या मोहिंदर सिंग गिल खटल्यापासून (1978) कायदा स्पष्ट आहे: आदेशात जे कारण नाही, ते सरकारला नंतर प्रतिज्ञापत्रातून घुसडता येत नाही. तुमच्याकडे कार्यारंभ आदेश आहे, ही दुसरी जमेची बाजू. नुसत्या मान्यतेवर अडकलेली कामं कोर्टात टिकवणं फार अवघड जातं.

आता कडू भाग. कोर्टाने स्थगितीला स्थगिती दिली म्हणजे डांबर पडलं असं नाही. निधी सोडणं सरकारच्याच हातात राहतं. अनेकदा कोर्ट एवढंच म्हणतं की बाजू ऐकून, कारणं देऊन नव्याने निर्णय घ्या. मग सहा पानी, कारणांसकट नकार आला तर लढाई पुन्हा पहिल्यापासून. ‘सहा महिन्यांनी कोर्टाची स्थगिती आपोआप उठते’ असं तुम्हाला कोणी सांगेल. तो 2018 चा नियम होता. 29 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो मोडीत काढला.

याचिका नेत्यांच्या नावाने अजिबात नको. सरकारी वकील पहिल्याच परिच्छेदात ‘राजकीय हेतूने प्रेरित’ असं लिहून मोकळे होतील. शिवाय अंतरिम आदेश मिळाला की दुसऱ्या दिवशी त्याचे फ्लेक्स लागतात, समोरच्यांना तो पराभव वाटतो आणि पुढच्या कामांच्या यादीतून गावाचं नाव गळतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण होतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या नावाने दाद मागता येते. मासिक सभेत तसा ठराव घ्या. ठरावात पक्षाचं वा नेत्याचं नाव येऊ देऊ नका. शाळेत जाणारी मुलं, पावसाळ्यात अडकणारी रुग्णवाहिका, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका, एवढंच येऊ द्या.

सोबत माहिती अधिकारात स्थगितीच्या नस्तीची (फाइलची) अधिकाऱ्यांच्या टिपणीसह प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘अमुक तारखेनंतरची सर्व कामं सरसकट’ अशी नोंद त्यात सापडली, तर तुमच्या रस्त्याचा वेगळा विचारच झाला नाही हे सांगायला ते एक पान पुरे. मात्र उत्तरासाठी याचिका रोखून धरू नका. ठेकेदाराने खडी उचलून नेली की तातडीचा मुद्दाच ढिला पडतो.