मुक्कामाच्या खोलीवर मसाज: आधी कोणती तयारी करावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत: मसाज सेंटरमध्ये न जाता, जिथे उतरलो आहोत तिथेच थेरपिस्टला बोलावले, तर आपल्या बाजूने काय तयारी असावी? मी गेली अनेक वर्षे लोकांच्या खोल्यांवर टेबल घेऊन जाते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. कामानिमित्त मी दोन आठवडे हॉटेलात उतरलो आहे. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मान आणि पाठीचा वरचा भाग अगदी धरला आहे. एका प्रशिक्षित थेरपिस्टची ९० मिनिटांची वेळ घेतली आहे आणि त्या घडीचे टेबल घेऊन येणार आहेत. सेंटरमध्ये सगळे मांडलेले असते, इथे मात्र खोली लहान आहे. टेबल मावेल का? नाही तर पलंगावर झोपून चालेल का? आणखी काय काय तयार ठेवावे?

उत्तर: आधी जागेचे पाहू, कारण ऐन वेळी सर्वाधिक खोळंबा तिच्यामुळेच होतो. घडीचे टेबल उघडल्यावर साधारण १८५ सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद असते. डोक्याच्या बाजूला चेहरा टेकवण्यासाठी जी गोल, मध्ये पोकळ असलेली उशी लावतात, ती आणखी वीतभर जागा घेते. शिवाय थेरपिस्टला चारही बाजूंनी फिरता आले पाहिजे आणि एक पाय मागे टाकून अंगाचा भार पुढे देता आला पाहिजे. हा सगळा हिशेब केला, तर सुमारे दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब अशी मोकळी फरशी लागते. मोजपट्टी हाताशी नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरून उभे राहा. दोन्हीकडे बोटांच्या टोकांपलीकडे आणखी वीतभर जागा उरत असेल, तर रुंदी पुरेशी आहे असे समजा. खुर्ची आणि बॅगा एका कोपऱ्यात सरकवल्या की बहुतेक खोल्यांमध्ये एवढी जागा निघते. ती निघत नसेल, तर तसे आदल्या दिवशीच कळवावे, म्हणजे त्या टेबलाऐवजी जमिनीवर अंथरायची जाड गादी घेऊन येऊ शकतील.

पलंगाचा मोह मात्र टाळा. मऊ गादीवर हाताचा दाब स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच गादीत जिरतो, करणाऱ्याची कंबर सतत वाकलेली राहते आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणजे, पालथे झोपल्यावर चेहरा खाली ठेवायला जागाच नसल्याने मान एका बाजूला वळवून पडून राहावे लागते. मान धरली म्हणून मसाज घ्यायचा आणि मान मुरगळलेल्या अवस्थेत तासभर पडायचे, याला काही अर्थ नाही. दुसरा इलाजच नसेल, तर कपाळाखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी आणि छातीखाली पातळ उशी घ्यावी, म्हणजे नाकासमोर श्वास घेण्याइतकी पोकळी राहते. टेबल असो वा पलंग, पालथे असताना घोट्यांखाली आणि उताणे असताना गुडघ्यांखाली एक उशी हवीच. तिच्यामुळे कमरेवरचा ताण कमी होतो. म्हणून खोलीतली एखादी जास्तीची उशी बाजूला काढून ठेवा.

दुसरी गोष्ट खोलीतल्या उबेची, आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. आपल्याला बसल्या-उठल्या जी हवा छान वाटते, ती तेल लावून निश्चल पडलेल्या उघड्या पाठीला गार लागते, कारण हालचाल थांबली की स्नायूंची ऊब कमी होते आणि त्वचेतून उष्णता जात राहते. मला हे हाताखाली लगेच समजते. पाठीवर बारीक काटा उभा राहतो, खांदे नकळत कानांकडे सरकतात आणि जो स्नायू सैल करायला आपण आलो, तोच आवळला जातो. म्हणून अर्धा तास आधीच खोली २४ ते २६ अंश सेल्सिअसवर आणून ठेवा आणि एसीचा झोत किंवा पंखा टेबलावर थेट येत नाही ना, हे स्वतः त्या जागी उभे राहून पाहा. तरीही मध्येच थंडी वाजली, तर अंगावर आणखी एक चादर मागून घ्यावी. सोसत पडून राहू नये.

छताचा दिवा बंद करून कोपऱ्यातला एखादा मंद दिवा लावा, नाहीतर उताणे झाल्यावर उजेड थेट डोळ्यांवर येतो. थेरपिस्टसाठी बॅग ठेवायला एक खुर्ची आणि हात धुवायला मोकळे बेसिन असावे. चादरी आणि टॉवेल त्या आणणार आहेत की तुम्ही द्यायचे आहेत, हे आधीच विचारून घ्या. हॉटेलचे पांढरे टॉवेल तेल पुसायला वापरू नयेत. डाग पडतो हे एक कारण आहेच, पण दुसरे अधिक गंभीर आहे: धुऊनही धाग्यात तेल राहिलेले कापड यंत्रात गरम वाळवून तसेच घडी करून रचून ठेवले, तर ते आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकते. मसाजचे टॉवेल म्हणूनच वेगळे धुतात आणि पूर्ण निवल्याशिवाय रचत नाहीत.

बाहेरच्या व्यक्तीला खोलीत येऊ देतात का, हे हॉटेलच्या स्वागतकक्षात आदल्या दिवशीच विचारा आणि येणाऱ्या व्यक्तीचे नाव व वेळ तिथे देऊन ठेवा. टेबल उघडून मांडायला आणि पुन्हा आवरायला दहा-दहा मिनिटे जातात, तेव्हा ९० मिनिटांच्या मसाजसाठी दोन तास मोकळे ठेवा. पैसे, पासपोर्ट, घड्याळ तिजोरीत ठेवावे. यात अविश्वास नाही, उलट पुढे काही सापडले नाही तर दोघांनाही अवघडल्यासारखे होत नाही.

आता तुमची स्वतःची तयारी. भरपेट जेवण झाले असेल, तर दोन तास तरी जाऊ द्यावेत, कारण भरल्या पोटावर पालथे झोपणे त्रासदायक असते. पण उपाशीही राहू नये, रिकाम्या पोटी उठताना चक्कर येते. त्या दिवशी मद्य घेऊ नये. कोमट पाण्याने आंघोळ करा, अत्तर किंवा स्प्रे लावू नका आणि नुकतीच दाढी केलेल्या किंवा केस काढलेल्या त्वचेला तेल झोंबते, हे ध्यानात ठेवून ते काम आदल्या दिवशी उरका. साखळी, अंगठ्या, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. टेबलावर जाण्याआधी लघवीला जाऊन या. संकोचाने पाऊण तास आवरून धरणारे लोक मी खूप पाहिले आहेत आणि त्या पाऊण तासात त्यांची कंबर कधीच सैल होत नाही.

प्रश्न: ताई, मी प्रवासात एकटीच असते. खोलीवर मसाज घ्यावा असे फार वाटते, पण किती कपडे काढायचे, काय बोलायचे आणि ती व्यक्ती खात्रीची आहे हे कसे ओळखायचे, या विचारानेच मी दोनदा ठरवलेली वेळ रद्द केली.

उत्तर: वेळ रद्द केलीत याचे वाईट वाटून घेऊ नका. मन तयार नसताना झोपलेल्या माणसाचे अंगही तयार नसते. पण तुमच्या तिन्ही शंकांना सरळ उत्तरे आहेत. किती कपडे काढायचे, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचे. अंतर्वस्त्रे ठेवून, किंवा सैल कपडे घालून तेलाशिवायही उत्तम मसाज होतो. कपडे बदलताना थेरपिस्टने खोलीबाहेर किंवा बाथरूममध्ये जावे आणि तुम्ही चादरीखाली झोपल्यानंतर दार वाजवून यावे, ही रीत आहे. त्यानंतरही ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा राहतो. एक पाय झाला की तो झाकायचा आणि मगच दुसरा उघडायचा. ही रीत जी व्यक्ती पाळत नाही, तिच्याकडून मसाज घेऊ नये.

वेळ ठरवतानाच काही प्रश्न विचारा: प्रशिक्षण कुठे व किती काळ घेतले, स्वतः येणार की दुसऱ्या कोणाला पाठवणार, स्त्री थेरपिस्ट मिळेल का. काम जाणणारी व्यक्ती या प्रश्नांनी दुखावली जात नाही. तीही अनोळखी खोलीत एकटीच येत असते आणि तिलाही तुमच्याबद्दल तेवढीच खात्री हवी असते. उलट तुमच्या तब्येतीबद्दल एकही प्रश्न न विचारता फक्त वेळ आणि पत्ता मागणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहा. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ एखाद्या मैत्रिणीला कळवा आणि संपल्यावर तिला फोन करा.

बोलायचे काय, तर झोपण्याआधीच स्पष्ट सांगा: “पोटाला आणि मांड्यांना हात नको, पाठ आणि तळपाय करा.” एवढे वाक्य पुरते, कारण द्यावे लागत नाही. मध्येच काही खटकले, तर “थांबा” म्हणून उठून बसण्याचा अधिकार तुम्हाला प्रत्येक क्षणी आहे, पैसे आधी दिलेले असले तरीही. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्या पहिल्या दिवशी पालथ्या झोपल्या तेव्हा दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. मी पाठीवरून हात काढून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की मानेला कोणी हात लावला की त्यांना भीती वाटते. त्या दिवशी आम्ही फक्त तळपाय आणि तळहात केले, आणि शेवटी त्यांच्या मुठी आपोआप उघडल्या होत्या.

प्रश्न: माझी आई ७२ वर्षांची आहे. लांबचा प्रवास करून ती माझ्याकडे राहायला येणार आहे आणि आल्यावर तिचे पाय दुखतील म्हणून मसाजसाठी कोणाला तरी बोलवावे असा विचार आहे. ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते. चालेल ना?

उत्तर: आधी तिच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत वेळ ठरवू नका. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना जोराच्या दाबाने त्वचेखाली रक्त साकळते, आणि या वयात हाडे ठिसूळ असतील तर बरगड्यांवर व पाठीच्या कण्यावर जोर देणे धोक्याचे असते. डॉक्टरांनी होकार दिला, तरी हात हलकाच हवा, आणि औषधांची नावे थेरपिस्टला पहिल्याच फोनवर सांगायला हवीत.

प्रवासाबद्दल तुम्ही लिहिलेत, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लालसर दिसली किंवा चालताना दुखली, तर तिला तेल लावू नका, चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतते. विमानप्रवास करून आलेल्या एका गृहस्थांनी मला “फक्त हा डावा पाय जरा जोरात रगडा” असे सांगितले होते. चादर बाजूला केली तर ती पोटरी दुसरीपेक्षा स्पष्टपणे जाड होती आणि त्वचा ताणून चकाकत होती. मी टेबल परत गुंडाळले आणि त्यांना रुग्णालयात पाठवले. गुठळीच निघाली.

याच ओघात सांगते: ताप असेल, त्वचेवर संसर्ग किंवा उन्हाने भाजल्याची आग असेल, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा हाड मोडले असेल, तर मसाज पुढे ढकला. गरोदर स्त्रीने डॉक्टरांच्या परवानगीनंतरच तो घ्यावा, आणि पाचव्या महिन्यानंतर उताणे फार वेळ न झोपता कुशीवर झोपून घ्यावा.

प्रश्न: मला शेंगदाणे व बदाम यांची अ‍ॅलर्जी आहे. मसाजचे तेल अंगाला लागेल, पोटात जाणार नाही. मग हे सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर: होय, अगदी आवश्यक आहे. मसाजच्या अनेक तेलांत बदामाचे तेल असते, आणि त्वचेवर ओरखडा असेल किंवा हात तोंडाला लागला तर त्रास होऊ शकतो. स्वतःला सोसणारे तेल स्वतःच आणून ठेवणे सर्वांत सुरक्षित. तेल नवीन असेल, तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास पाहा.

प्रश्न: मसाजनंतर भरपूर पाणी प्यायल्याने शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, असे म्हणतात. त्यासाठी किती पाणी तयार ठेवावे?

उत्तर: मसाजमुळे स्नायूंतून अशी द्रव्ये सुटतात आणि पाण्याने ती धुऊन जातात, याला आधार नाही, शरीर स्वच्छ ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे एरवीही करतच असतात. तहान लागेल तेवढे पाणी प्या, त्यासाठी एक भरलेला पेला जवळ असला म्हणजे झाले. खरी काळजी घ्यायची ती उठताना. एकदम उठू नका. आधी कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा. जोराचा मसाज झाला असेल, तर एक-दोन दिवस अंग ठणकते, त्याला घाबरू नका. आणि एक जाड पायपुसणे टेबलाशेजारी आधीच अंथरून ठेवा. तळपायांचे तेल नीट पुसून, त्या पायपुसण्यावरच पहिले पाऊल टाका, कारण बाथरूमकडे जाणारी गुळगुळीत फरशी तेलकट पायाखालून सहज निसटते.