बजीचं (छोट्या पाळीव पोपटाचं) रक्त थांबत नसेल तर

ताई, आधी पंखा बंद करा, मग त्याला हात लावा. घाबरलेला बजी निसटला की सरळ पात्यांवर जातो. मऊ नॅपकिनात धरा, पण छाती आवळू नका. ती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही.

नख तुटलं असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर टोकाला लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून बघायचं नाही, धरलेली खपली निघते. कातडीच्या जखमेत मात्र पीठ नको, हळद तर नकोच (आजी काहीही म्हणोत). स्वच्छ गॉजचा हलका दाब पुरे. पंखातलं कोवळं, आत रक्त असलेलं वाढतं पीस मोडलं असेल तर ते घरी उपटायच्या फंदात पडू नका.

35 ग्रॅमच्या बजीत रक्त जेमतेम 3 ते 4 मिलिलिटर. पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे निघाच. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक माहितीये ना, म्हणून निघण्याआधी फोन करून 'पक्षी बघता का?' विचारा, बरेच डॉक्टर कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात. मांजराचा दात लागला असेल तर रक्त थांबलं तरी त्याच दिवशी दाखवा, अँटिबायोटिक लागतं. नेताना भोकं पाडलेल्या छोट्या खोक्यात ठेवा, आणि रिक्षात खोकं उघडून बघू नका.