वाचकांचे प्रश्न : वीज गेली, विस्तव जळतोच आहे

आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या खेड्यांत गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही, अशी पुष्कळ घरं बॉयलर स्टोव्हवर ऊब धरतात. दिसायला ती काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी असते, पण जाळाच्या मागे आणि बाजूंना पाण्याची पोकळ पेटी असते. तिथलं तापलेलं पाणी विजेच्या पंपाने पाइपांतून घरभरच्या रेडिएटरांत आणि आंघोळीच्या पाण्याच्या सिलिंडरमध्ये फिरतं. मल्टी-फ्युएल स्टोव्हमध्ये लाकूड, अँथ्रासाइट (कडक, फार कमी धूर करणारा दगडी कोळसा), पीटच्या म्हणजे दलदलीतल्या सुकवलेल्या मातीच्या विटा, धूर न करणारा कोळसा असं वेगवेगळं इंधन चालतं. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. शेवटचा प्रश्न पाचगणीचा आहे.

प्रश्न : आम्ही आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात जुनं घर घेतलं. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात वीज गेली तेव्हा स्टोव्ह चांगला पेटलेला होता. थोड्याच वेळात पाइपांत हातोडे मारल्यासारखे आवाज येऊ लागले आणि माळ्यावरच्या टाकीतून वाफ निघाली. विस्तवावर पाणी ओतायचा विचार मनात आला होता. अशा वेळी नेमकं काय करावं?

पाणी ओतलं नाहीत हे फार बरं केलंत. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं, आणि वाफेचा लोट थेट तोंडावर येतो.

झालं काय ते आधी सांगतो. गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर वीज गेली की विझतो. विस्तवाला तसं बटण नाही. स्टोव्ह पाण्याला १० किलोवॅट उष्णता देत असेल आणि पेटीत १५ लिटर पाणी असेल, तर पंप थांबल्यावर ६५ अंशांवरचं ते पाणी चार मिनिटांच्या आत उकळीला येतं. पाण्याची वाफ होताना तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. तुम्ही ऐकलेले हातोडे म्हणजे वाफेचे बुडबुडे गार पाण्यात फुटत होते. वाफ माळ्यावर निघाली याचा अर्थ तुमचा उघडा व्हेंट पाइप, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी नळी, मोकळा होता. तो बुजलेला असता तर प्रसंग जिवावर बेतला असता.

वीज जाताच खालची आणि वरची, दोन्ही हवेच्या झडपा पूर्ण बंद करा. दार उघडू नका, उघडलं तर हवा मिळून जाळ भडकतो. नवं इंधन घालू नका. सिलिंडरला गार पाणी वरच्या टाकीतून आपोआप मिळत असेल तर न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. गरम पाणी बाहेर जाईल, त्या जागी गार येईल आणि सिलिंडर आणखी उष्णता पोटात घेईल. नळाचं पाणी पोळण्याइतकं गरम असेल, म्हणून मुलांना लांब ठेवा.

हे सगळं त्या रात्रीपुरतं. खरी दुरुस्ती पाइपांत आहे. उष्णतेला पंपाशिवाय जायला एक कायमची वाट हवीच. त्यासाठी स्टोव्हपासून वरच्या मजल्यावरच्या सिलिंडरपर्यंत जाणारा आणि येणारा असे दोन २८ मिमी तांब्याचे पाइप लागतात. ते सतत चढते हवेत, मध्ये कुठेही खाली झोल नको आणि एकही व्हॉल्व्ह नको. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं जड पाणी खाली उतरतं, आणि चक्र आपोआप चालू राहतं. याच वाटेवर एक रेडिएटर असा हवा की जो कुणालाही बंद करता येणार नाही. त्याला हीट लीक रेडिएटर म्हणतात, आणि तो पाण्याकडे जाणाऱ्या उष्णतेच्या किमान १० टक्के उष्णता बाहेर टाकणारा असावा. म्हणजे १० किलोवॅटला १ किलोवॅटचा. बहुधा न्हाणीघरातला टॉवेल वाळवायचा रेडिएटर हे काम करतो. त्याच्या व्हॉल्व्हची मूठच काढून टाकलेली असावी.

जुन्या घरांत ही वाट मुळात असते, पण नूतनीकरणात कुणीतरी ती मोडतं. २८ ऐवजी २२ किंवा १५ मिमीचा तुकडा जोडलेला सापडतो, फरशीखालून पाइप नेताना झोल पडलेला असतो. सगळ्यांत वाईट म्हणजे त्या वाटेवर विजेवर चालणारा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे घराच्या एकेका भागाकडे जाणारं पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. नेहमीच्या झोन व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते आणि वीज जाताच तो बंद होतो, म्हणजे वाट सर्वांत गरजेची असते नेमकी तेव्हाच अडते. परीक्षा सोपी आहे. पंपाचा स्विच बंद करा, चार-पाच काटक्यांचा लहानसा जाळ करा आणि सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपला वर हात लावून पाहा. अर्ध्या तासात तो गरम झाला तर वाट मोकळी आहे. स्टोव्ह तापतोय आणि वरचा पाइप गारच, असं दिसलं तर जाळ विझू द्या आणि दुरुस्त होईपर्यंत पेटवू नका.

माळ्यावरची टाकी पाहताना तीन गोष्टी बघा. टाकी उकळतं पाणी सोसणारी हवी. तिच्या तळाखाली सलग फळी हवी, दोन दांड्यांवर टेकवलेली प्लॅस्टिकची टाकी उकळत्या पाण्याने मऊ होऊन खचते. आणि २२ मिमीचा व्हेंट पाइप टाकीच्या वर जाऊन तिच्यातच वळलेला हवा, थंडीत गोठू नये म्हणून त्यावर आवरण हवं.

इन्व्हर्टर चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. महाराष्ट्रातल्या घरात जसा असतो तसा जरूर लावा, फक्त प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह देणारा घ्या. नवे पंप जास्तीत जास्त ४५ वॅटच्या आसपास घेतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरली तरी दहाएक तास सहज निघतील. पण बॅटरी कधीतरी संपते, म्हणून तिच्या भरवशावर पंपाशिवायची वाट सोडून देऊ नका.

प्रश्न : वेल्समधल्या घरात नऊ रेडिएटर आहेत. दुकानदार २५ किलोवॅटचा स्टोव्ह घ्या म्हणतो. मोठा घेतलेला बरा ना?

नाही. मोठा स्टोव्ह सतत झडपा मिटून धुमसत ठेवावा लागतो. त्यातून काच काळी पडते आणि धुराड्यात डांबर साचतं. आधी हिशोब करा. स्टोव्हची खोली ५ × ४ मीटर, उंची २.४ मीटर असेल तर ४८ घनमीटर झाले. उष्णता धरून ठेवणारं बऱ्यापैकी आवरण असलेल्या घरात त्याला १४ ने भागतात, म्हणजे खोलीला साधारण ३.५ किलोवॅट पुरतात. नऊ रेडिएटर सरासरी १.२ किलोवॅटचे धरले तर १०.८, आंघोळीच्या पाण्याला २. म्हणजे खोलीला ३.५ ते ४ आणि पाण्याला १३ च्या आसपास देणारा स्टोव्ह हवा. माहितीपत्रकात हे दोन आकडे वेगळे छापलेले असतात. नुसता एकूण आकडा पाहून घेतलात तर खोलीत भट्टी आणि रेडिएटर कोमट, अशी गत होते. आकडा लाकडावरचा आहे की अँथ्रासाइटवरचा, हेही विचारा. लाकडावर तो सहसा कमी भरतो.

मग इंधनाचा हिशोब. हा पैसे देण्याआधी कुणी करत नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात नेमका तोच अंगावर येतो. दोन्ही मिळून सुमारे १६ किलोवॅट मिळवायला, कार्यक्षमता ७० टक्के धरून, तासाला सुमारे २३ किलोवॅट-तासांचं इंधन जाळावं लागतं. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण ४ किलोवॅट-तास असतात. म्हणजे भर जाळावर तासाला पावणेसहा किलो, सहा तासांच्या संध्याकाळी ३४ किलो, आणि दर पाऊण ते एक तासाने उठून ओंडका घालणं. अँथ्रासाइटमध्ये किलोला ९ च्या आसपास असतात, तिथे तासाला अडीच किलोत भागतं. रोज अर्ध्याच जोरात जाळलं तरी दीडशे संध्याकाळींना अडीच टन लाकूड लागेल. ते कोरडं ठेवायला पाच-सहा घनमीटरचं, बाजूंनी वारा खेळणारं छप्पर आहे का, ते आधी पाहा.

खोलीला बाहेरच्या हवेची कायमची जाळीही लागते. इंग्लंड-वेल्सच्या नियमाप्रमाणे जुन्या, फटी असलेल्या घरात ५ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिमी. १६ किलोवॅटला ६,०५० चौरस मिमी, म्हणजे जवळपास ७८ × ७८ मिमीचं भोक. नवीन घट्ट बांधणीच्या घरात पहिल्या किलोवॅटपासूनच मोजतात. थंडी येते म्हणून या जाळीवर बोळा कोंबणं म्हणजे घरात विषारी वायूला बोलावणं आहे.

प्रश्न : काच दोन दिवसांत काळी होते, आतल्या भिंतींवर चकचकीत काळा थर बसतो. लाकूड दुकानातून 'वाळलेलं' म्हणूनच घेतो.

दोन कारणं असू शकतात, बहुतेकदा दोन्ही असतात. पहिलं लाकूड. ओंडका मधून फोडा आणि ओलावामापकाच्या सुया आतल्या ताज्या तोंडावर रोवा. बाहेरून मोजलेला आकडा फसवतो. २० टक्क्यांच्या खाली हवा. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाचा निम्मा भाग पाणी असू शकतं, आणि ओकला वाळायला दोन वर्षं लागतात.

दुसरं कारण परतीचं पाणी. रेडिएटरांतून ३० अंशांचं पाणी पेटीत आलं की पेटीची भिंत गार पडते, धुरातली वाफ तिच्यावर दवासारखी जमते आणि न जळलेल्या धुराला धरून डांबर करते. म्हणून पंप थर्मोस्टॅटवर चालवा, पाणी ६० अंशांना पोचल्यावरच सुरू होऊ द्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे लोडिंग व्हॉल्व्ह. तो गरम पाणी परतीत मिसळतो आणि पेटीत जाणारं पाणी ५५-६० अंशांच्या खाली येऊ देत नाही. दर वेळी इंधन घातल्यावर वीस-तीस मिनिटं झडप मोकळी ठेवून जाळ जोरात होऊ द्या. रात्रभर लाकूड धुमसत ठेवू नका.

आठवड्याला पेटीच्या भिंती खरवडा, काजळीचा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. महिन्यातून एकदा जाळाच्या वरची आडवी थ्रोट प्लेट काढून तिच्यावरची राख झाडा. ती तिथे गुपचूप साचत जाते आणि धुराची वाटच अडवते. लाकूड जाळणाऱ्यांनी धुराडं वर्षातून किमान दोनदा झाडून घ्यावं.

प्रश्न : थोडं लाकूड, थोडा कोळसा एकत्र जाळतो. जाळीच्या पट्ट्या वाकल्या आहेत. स्टोव्ह निकृष्ट आहे का?

स्टोव्हला दोष देण्याआधी राखेचा ट्रे पाहा. कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते, आणि तीच हवा पट्ट्यांना थंडही ठेवते. राख जाळीला टेकली की हवा अडते आणि पट्ट्या तापून वाकतात. कोळसा जाळताना जाळी हलवून राख पाडा आणि ट्रे रोज रिकामा करा. लाकडाचं उलट आहे. ते बोटभर राखेच्या गादीवर, वरून येणाऱ्या हवेत चांगलं जळतं, तेव्हा खालची झडप जवळजवळ बंद ठेवा. हवेच्या गरजाच अशा उलट असल्याने एकत्र जाळताना एकाची तरी उपासमार होते. शिवाय लाकडातल्या ओलाव्याशी कोळशातलं गंधक मिळून आम्ल बनतं आणि धुराड्यातलं स्टीलचं अस्तर खातं. कोळसा जाळायचा तर अस्तर ९०४ प्रतीचं हवं, ३१६ लाकडापुरतं ठीक. पेट्रोलियम कोक (खनिज तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळलेलं इंधनही पट्ट्या वितळवण्याइतकं तापतं. पिशवीवर ते लिहिलेलं असेल तर आधी स्टोव्हची पुस्तिका वाचा.

इंग्लंडमध्ये धूर करणाऱ्या घरगुती कोळशाच्या पिशव्यांची विक्री १ मे २०२१ पासून आणि सुट्या कोळशाची १ मे २०२३ पासून बंद आहे. आयर्लंडमध्ये धूर करणारा कोळसा ३१ ऑक्टोबर २०२२ पासून देशभर विकता येत नाही. डब्लिनमध्ये ही बंदी १९९० पासूनच आहे.

प्रश्न : पाचगणीला आमच्याकडे आजीचा तांब्याचा बंब आहे. थंडीत त्यालाच पाइप जोडून एखादा रेडिएटर चालवता येईल का?

जोडू नका. बंब हे वरून पाणी ओतायचं उघडं भांडं आहे, आणि त्याचे सांधे डाखाचे असतात. सतत फिरणाऱ्या पाण्यासाठी आणि वरच्या टाकीच्या दाबासाठी ते बनवलेले नाहीत. आजी सांगत असतील की बंबात पाणी नसताना जाळ घालू नये, डाख सुटतो. बॉयलर स्टोव्हलाही हाच नियम आहे. पेटी कोरडी पडल्याचं कळलं तर विस्तव विझून लोखंड हाताला गार लागेपर्यंत तिच्यात पाणी सोडायचं नाही, तापलेल्या पेटीत पाणी शिरलं की त्याची क्षणात वाफ होते.

आणखी एक. बंद खोलीत बंब पेटवत असाल तर थांबवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणा. स्टोव्हवाल्यांसाठी अलार्मची जागा ठरलेली आहे : छतावर, भिंतीपासून किमान ३०० मिमी दूर, आणि स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर. तुमच्या खोलीतही तीच चालेल.