‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ काय? त्याऐवजी ‘असीम’ किंवा ‘बेसुमार’ वापरता येतो का?

‘अमर्याद’ म्हणजे ज्याला मर्यादा नाही असे. ‘नाही मर्यादा ज्याला ते’ असा या सामासिक शब्दाचा विग्रह होतो. हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही. सत्ता, अधिकार आणि पाणी ही तिन्ही ‘अमर्याद’च असतात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले असले, तरी कोणती मर्यादा नाही हे त्यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारे सांगतो. ज्याचा पैलतीर दिसत नाही ते अपार, ज्याचा तळ लागत नाही ते अथांग, जे मापात मावत नाही ते अमाप. ‘बेसुमार’मधील ‘सुमार’ हा फारसी ‘शुमार’वरून, म्हणजे गणतीवरून आला आहे. (‘सुमार दर्जा’मधला ‘सुमार’ मात्र अर्थाने इतका दूर गेला आहे की ‘बेसुमार’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द होत नाही.) म्हणून पीक अमाप येते आणि वृक्षतोड बेसुमार होते, वृक्षतोडीला ‘असीम’ म्हटले तर ते कानाला खटकते, कारण ‘असीम’ या शब्दाला, आणि त्याहूनही अधिक ‘निस्सीम’ला, आदराचा स्पर्श आहे. निस्सीम भक्ती असते, निस्सीम लोभ सहसा कोणी लिहीत नाही.

‘अमर्याद’ची गोष्ट निराळी आहे. ‘मर्यादा’ म्हणजे केवळ हद्द नव्हे, तर वागण्याबोलण्यातील सभ्यतेची रेषाही. ‘मर्यादा सोडून बोलणे’ हा वाक्प्रचार त्याच अर्थाने रूढ आहे. त्यामुळे ‘अमर्याद उत्साह’ हे कौतुक ठरते, तर ‘पाण्याचा अमर्याद उपसा’ किंवा ‘अमर्याद सत्ता’ म्हणताच, कोठेतरी थांबायला हवे होते, असा सूर आपोआप उमटतो. ही नापसंती व्यक्त करायची असेल, तर ‘असीम’पेक्षा ‘अमर्याद’ हाच शब्द मी निवडेन.

‘अमर्याद’ आणि ‘अमर्यादित’ यांतही बारीक फरक आहे, जो हल्ली लिहिताना फारसा पाळला जात नाही. ‘मर्यादित’ म्हणजे मर्यादा घातलेले. सहकारी संस्थांच्या नावाअखेरीस येणारा ‘मर्यादित’ हा शब्द सभासदांच्या आर्थिक जबाबदारीवर घातलेली मर्यादाच सांगतो. साहजिकच, मर्यादा घालता आली असती, परंतु घातलेली नाही, तेथे ‘अमर्यादित’ योग्य. मोबाइलच्या योजनेत मिळतात ते अमर्यादित कॉल. आकाशाला मर्यादा घालणारे कोणीच नसते, म्हणून ते अमर्याद.