वाचक विचारतात : कंत्राटाची मर्यादा, कायमचा आदेश आणि हरकतीचा कागद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिक्षक-नेमणुकीच्या नियमांच्या 2025 च्या मसुद्यावर आणि प्राध्यापकांच्या नोकरीच्या हमीवर विदर्भातल्या महाविद्यालयांतून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात मंजूर पदे बारा, कायम शिक्षक पाच, बाकी सगळे सीएचबीवर (तासिका तत्त्वावर). नव्या मसुद्यात कंत्राटी शिक्षकांवरची मर्यादा काढली म्हणून संघटना विरोध करते आहे. पण आमच्याकडे मर्यादा पाळतं कोण? मग विरोध कशाला? (एक प्राध्यापक, दारव्हा)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. आयोगाचे 18 जुलै 2018 चे विनियम सांगतात की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावेत, त्यांची पात्रता आणि निवडपद्धत नियमित शिक्षकासारखीच असावी, आणि त्यांचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. बारा पदांचे 10 टक्के म्हणजे 1.2, म्हणजे जेमतेम एक माणूस. 6 जानेवारी 2025 रोजी जाहीर झालेल्या मसुद्यात ही 10 टक्क्यांची अट नाही.

तुमचे सीएचबीवाले या हिशेबात बसतच नाहीत. त्यांना रिक्त पदाच्या कार्यभारावर तासाप्रमाणे बोलावले जाते. त्यामुळे पद कागदावर रिक्तच राहते, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या यादीत) ती जागा दिसते आणि पदभरतीची परवानगी आली की जाहिरातीत येऊ शकते. मर्यादेशिवाय कंत्राटी नेमणूक हाच रीतसर मार्ग ठरला, तर तेच पद ‘भरलेले’ म्हणून दाखवता येईल. विरोधाचे खरे कारण हे आहे, आणि आमच्या मते ते रास्त आहे. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाला दोन पदे गेली तरी विभाग चालतो. तालुक्याच्या गावात मात्र एका विषयाला एकच पद असते. ते कंत्राटी झाले की त्या विषयाला कायम माणूसच उरत नाही.

मसुदा म्हणजे नियम नव्हे. अंतिम विनियम राजपत्रात येईपर्यंत 2018 चेच चालतात. महाराष्ट्राने तेही 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने लागू केले होते. म्हणून हरकतीची एक प्रत दिल्लीला आयोगाकडे पाठवा, तशीच एक राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागालाही पाठवा. बरेच जण ही दुसरी प्रत विसरतात.

प्रश्न : मसुद्यावर शिक्षकांची सभा झाली, तीव्र निषेधाचा ठराव झाला, व्हॉट्सॲपवर फिरला. पुढे काय? (स्टाफ सेक्रेटरी, अहेरी)

उत्तर : तीव्र निषेधाच्या ठरावाचे पुढे काहीच होत नाही, कारण तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नोंदवण्याजोगे त्यात काही नसते. हरकत कलमवार लिहा. एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात मसुद्याचे कलम, दुसऱ्यात 2018 ची तरतूद, तिसऱ्यात आपल्या महाविद्यालयावर होणारा परिणाम आणि चौथ्यात पर्यायी शब्दरचना. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. ‘10 टक्क्यांची मर्यादा कायम ठेवावी; एका विषयाला एकच मंजूर पद असल्यास ते कंत्राटी पद्धतीने भरू नये’ असे थेट वाक्य द्या.

तिसऱ्या रकान्यात आकडे हवेत : मंजूर पदे, भरलेली पदे, येत्या पाच वर्षांतल्या निवृत्त्या, विषयनिहाय साप्ताहिक कार्यभार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापकाला व प्राध्यापकाला 14 तास प्रत्यक्ष अध्यापन, हे 2018 चेच प्रमाण धरून मांडणी करा. कार्यालय आकडे देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिले अपील.

2025 च्या मसुद्यासाठी आयोगाने सुरुवातीला 5 फेब्रुवारीपर्यंत वेळ दिली होती, ती नंतर 28 फेब्रुवारीपर्यंत वाढवली. इतक्या कमी दिवसांत आकडे शोधत बसलात तर मुदत निघून जाते. म्हणून हा तक्ता दर जूनमध्ये तयार करून ठेवावा. मुदत टळली तरी अधिसभेतल्या (सिनेटमधल्या) शिक्षक प्रतिनिधीमार्फत विद्यापीठात ठराव मांडता येतो. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांतून एकच मजकूर गेला तर उत्तमच. महाविद्यालयाच्या लेटरहेडचा आग्रह धरू नका. प्राचार्यांची अडचण होते आणि कागद त्यांच्या टेबलावरच राहतो. शिक्षकांनी आपापल्या नावाने सह्या केल्या तरी पुरे.

प्रश्न : माझा प्रोबेशनचा काळ संपून चार महिने झाले. निवेदनावर सही केली म्हणून सचिवसाहेबांनी बोलावलं आणि तारीख न टाकलेला राजीनामा मागितला. ‘सही कर, नाई तं पुढच्या जूनात येऊ नको,’ असं म्हणाले. (एक प्राध्यापिका, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : मॅडम, सही करू नका. आधीच केली असेल, तर आजच प्राचार्यांना आणि प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा : अमुक दिवशी तारीख नसलेल्या कागदावर सही घेतली गेली, राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही, तो कागद राजीनामा समजू नये. राजीनामा अमलात येण्याआधी मागे घेता येतो. उशीर केला तर मात्र मागची तारीख टाकून तो ‘स्वीकारलेला’ दाखवला जातो.

आता प्रोबेशन. 2018 च्या विनियमांत ते एक वर्षाचे आहे. काम असमाधानकारक असेल तर जास्तीत जास्त आणखी एक वर्ष वाढवता येते, पण त्याचा लेखी आदेश पहिले वर्ष संपण्यापूर्वीच निघायला हवा. कालावधी संपल्यावर 45 दिवसांत कायम केल्याचा आदेश देणे संस्थेवर बंधनकारक आहे. तुमचे चार महिने झाले, म्हणजे मुदत उलटली. वाढीचा आदेश मिळाला नसल्याचे नमूद करून कायम आदेशाची लेखी मागणी करा. सोबत तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाने दिलेल्या मान्यतापत्राची प्रत जोडा. मान्यता नसेल तर पुढचे सगळे लंगडे पडते, म्हणून ती आधी तपासा.

उत्तर नाही आले तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 79 खालील तक्रार निवारण समितीकडे जा. थेट काढून टाकल्याचा आदेश हातात पडला तर मार्ग बदलतो : कलम 81 नुसार विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील, आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत. संस्थेशी बोलणी चालू आहेत म्हणून हे 30 दिवस थांबत नाहीत. सर्वांत जास्त प्रकरणे इथेच बिघडतात. ‘भाऊसाहेब बोलले, होऊन जाईल’ म्हणत दिवाळी निघून जाते.

प्रश्न : अकरा वर्षे सीएचबीवर आहे. दहा वर्षे झाली की कायम करावेच लागते, हे खरे का? (रिसोड)

उत्तर : नाही. हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालातून आला. रिक्त मंजूर पदावर, पात्रता असलेल्या आणि न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे काम केलेल्यांचा एकदाच विचार करावा, एवढेच त्यात होते. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे राबवलेल्यांना हुसकावू नये असे बजावले. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील 30,000 रुपयांवरच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणीचा हक्क दिला. पण ते पूर्णवेळ कंत्राटी होते. तुमचा नऊ महिन्यांचा तासिकेचा आदेश आपोआप त्या रांगेत बसत नाही.

आणखी एक कटू बाब. पुढे नियमित पद मिळाल्यावर मागची सेवा बढतीसाठी धरायची तर विनियमांनुसार रीतसर निवड समिती हवी आणि नियमित सहायक प्राध्यापकाइतके एकूण वेतनही हवे. नियमित पदाचे सुरुवातीचे मूळ वेतनच 57,700 रुपये आहे. सीएचबीचे मानधन तिथे पोचत नाही. तरी दर वर्षीचा नियुक्ती आदेश, मुलाखतीची जाहिरात, वेळापत्रक, हजेरीपटाची प्रत आणि बँकेची नोंद जपून ठेवा. पुढे दावा करायची वेळ आली तर आधार याच कागदांचा असेल.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत जॉर्जियात शिकवतो. तिकडेही ‘टेन्यूअर’वरून (प्राध्यापकाच्या कायम नोकरीच्या हमीवरून) भांडण झाले म्हणतो. (अचलपूर)

उत्तर : झाले. ऑक्टोबर 2021 मध्ये जॉर्जियाच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळाने नियम बदलले. टेन्यूअर मिळालेल्या प्राध्यापकालाही, कामाच्या आढाव्यात कमी पडल्यास, सहकाऱ्यांच्या सुनावणीशिवाय काढता येईल अशी वाट त्यातून मोकळी झाली. तिथल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च 2022 मध्ये त्या मंडळाचा जाहीर निषेध नोंदवला. तिकडे मिळालेली हमी काढून घेण्यावर वाद आहे, आपल्याकडे ती मिळण्याआधीच्या रांगेवर.

प्रश्न : विरोध म्हणून उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकावा का? (वरुड)

उत्तर : कायम शिक्षकांनी संघटनेच्या निर्णयाशिवाय नको, प्रोबेशनवरच्यांनी आणि सीएचबीवाल्यांनी मुळीच नको. परीक्षेचे काम करणे हे 2016 च्या कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य आहे. 2013 च्या राज्यव्यापी परीक्षा बहिष्कारानंतर शासनाने त्या काळाचा पगार रोखला आणि वाद न्यायालयात गेला. काळी फीत, सुट्टीच्या दिवशी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयासमोर धरणे आणि सह्यांचे निवेदन यांत नोकरीला धोका कमी. धरण्याची लेखी सूचना पोलीस ठाण्याला आधी द्या आणि तिच्या प्रतीवर शिक्का घ्या.