नर्सच्या नोकरीत घरच्यांना वेळ देता येतो का, आणि या कामात नक्की मिळतं काय? (मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचंय)

तुमचा प्रश्न दुपारी वाचला तेव्हा गप्प बसायचं ठरवलं होतं, पण "घरच्यांना वेळ" हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. १८ वर्षं झाली मला या कामात, त्यातली पहिली बरीच गोव्यात म्हापशाच्या एका खासगी हॉस्पिटलात गेली (नाव नको), आणि हा प्रश्न मला आमच्या मूळ घरी दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कुणी ना कुणी विचारलाय, फक्त तुमच्याइतक्या सभ्य भाषेत नाही.

२०१५ची चवथ. आमचं मूळ घर साखळीकडे, गणपती दीड दिवसाचा. माझी मॉर्निंग होती, आठ ते दोन. म्हणजे आरती चुकली तरी जेवायला पोचेन असा हिशेब. दोनला रिलीव्हर आलीच नाही, तिच्या मुलाला ताप, आणि सणाच्या दिवशी दुसरी कोण मिळणार, इनचार्ज सिस्टरने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी पिशवी परत कपाटात ठेवली. वॉर्डात दोडामार्गकडची एक आजी होती, जुलाब होऊन पार सुकलेली, सलाइनची सुई निघालेली आणि नवीन लागत नव्हती. दोघांनी टोचून टोचून दोन्ही हात निळे केलेले. मी गरम पाण्यात फडकं पिळून हाताला गुंडाळलं, हात खाटेखाली लोंबकळत सोडला, आणि दहा मिनिटं तिच्याशी गप्पा मारत बसले. बोटाखाली शीर जाणवते तेव्हा ती दिसत नाही, ओल्या दोऱ्यासारखी नुसती सरकते. कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला एक मिळाली, पिवळा कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी), २४ नंबर, पहिल्या टोचण्यात आत. आजीने विचारलं, "बाये, तुझ्याकडे गणपती नाय?" म्हटलं, आहे ना. तर म्हणते, "माझ्याकडे पण आसा, आणि मी हंय पडलंय." दोघी हसलो.

रात्री आठला सुटले. हे पावसात स्कूटर घेऊन न्यायला आले होते, रेनकोटवरच डोकं टेकून अर्धी झोप काढली. घरी पोचले तर पंगती उठलेल्या, माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळापानांची सजावट) पोरं झोपलेली, माझी सहा वर्षांची पण त्यांच्यातच. आणि थोरले दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "पगारासाठी घरच्या देवाला विसरणारी सून आमच्यात पहिलीच." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पान वाढलं फक्त, नेवऱ्या (करंज्या) वेगळ्या डब्यात काढून ठेवलेल्या होत्या त्या पुढे केल्या. हे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. दिरांचं लागलं नाही एवढं ते लागलं.

तेव्हा मी काही बोलले नाही, आता बोलते. घरासाठी वेळ म्हणजे सणाला पाटावर बसलेलं दिसणं असेल तर नर्सला वेळ नाही, विषय संपला. पण माझी नाइट रात्री आठ ते सकाळी आठ, त्यानंतर ऑफ, म्हणजे आठवड्यातल्या कितीतरी दुपारी मुलगी शाळेतून आली की मी घरात असायचे, डोळे सुजलेले असले तरी असायचे. तिला कॅलेंडर वाचता यायच्या आधी माझा ड्युटी चार्ट वाचता यायचा, एम, ई, एन (मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट) आणि ओ म्हणजे ऑफ, ओच्या भोवती ती लाल गोल काढायची. तेच थोरले भावोजी एकही आरती चुकवत नाहीत, आणि त्यांचा मुलगा कितवीत आहे हे त्यांना वहिनीला विचारावं लागतं.

मिळतं काय? १२ मेला गुलाबाचं फूल आणि केकचा तुकडा मिळतो, तो हिशेबात धरू नका. मला मिळालं ते असं की ज्याची शीर कुणाला सापडत नाही तिथे अजूनही दुसऱ्या वॉर्डातून फोन येतो, "सिस्टर, जरा येता?" मोठमोठे डॉक्टर बाजूला उभे राहतात आणि मी हात तपासते. सेवा, त्याग वगैरे लोक बोलतात ते मला पटत नाही, हे हातातलं कसब आहे, सुताराचं असतं तसं. तुमच्या मुलीला तसली हौस असेल तर घाला, नुसती "परदेशात स्कोप आहे" म्हणून घालणार असाल तर नको.

आता जरा दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. माझं निभलं कारण घरात सासूबाई होत्या. २००९ला मुलगी झाली तेव्हा खासगीत १२ आठवड्यांचीच रजा होती (२०१७पासून २६ झाली), तीन महिन्यांचं पोर त्यांच्या मांडीवर टाकून मी नाइटला गेलेय. तसं कुणी नसतं तर मी सोडली असती नोकरी, खोटं कशाला बोलू. छोट्या खासगी हॉस्पिटलात पगार कमी आणि डबल ड्युटी जास्त, जॉइन करताना बाँड (अमुक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) असेल तर तो नीट वाचा. सरकारीत पगार बरा पण जागा कधी निघेल ते बघत बसावं लागतं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी (डिग्री) हे विचारलं असतंत तर बीएस्सी म्हटलं असतं, एक वर्ष जास्त जातं पण पुढे शिकवायला वगैरे जाता येतं.

माझी स्वतःची मुलगी कॉमर्स घेऊन बसलीय, मी काही म्हटलं नाही.

आणि मुलगी गेलीच नर्सिंगला तर पहिल्या दिवसापासून चांगले बूट घेऊन द्या, शंभर रुपयांच्या चपलेवर नको. माझ्या पोटरीच्या शिरा आता अशा फुगल्यात की तिथे कुणालाही पहिल्या टोचण्यात मिळतील.