फेअरवे बंकर: आधी चेंडू, मग वाळू

प्रश्न: गोल्फमध्ये ग्रीनलगतच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीलगतच्या) बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, माझा चेंडू व्यवस्थित बाहेर येतो. फेअरवेवरच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातल्या, बंकरमधून १५० यार्ड मारायला गेलो की मात्र क्लब वाळूत रुततो आणि चेंडू निम्म्या वाटेत पडतो. मोठा क्लब घेऊनही तेच. काय चुकतं?

उत्तर: बहुधा तुम्ही दोन्हीकडे एकच शॉट मारताय. ग्रीनलगत क्लब मुद्दाम चेंडूमागच्या वाळूत घालायचा असतो. इथे उलट, आधी चेंडूच लागला पाहिजे. मागची बोटभर वाळू मध्ये आली तरी वेग तिथेच संपतो, मग क्लब कितीही मोठा असो.

मूळ बहुतेकदा पायांत असतं. पाय वाळूत रोवले की शरीर तेवढं खाली जातं आणि क्लब चेंडूमागे टेकतो. म्हणून पाय घसरणार नाहीत इतपतच रोवा आणि जेवढे रोवले तेवढी ग्रिप खाली धरा. चेंडू नेहमीपेक्षा किंचित मागे, म्हणजे उजव्या पायाकडे ठेवा (डावखुऱ्यांनी उलट). वजन थोडं पुढच्या पायावर, हनुवटी वर. गुडघे आणि कंबर शक्य तितकी शांत ठेवून पाऊण स्विंग करा. अंतर घटतं ते एक क्लब जास्त घेऊन भरून काढा. आठच्या जागी सात नंबरचं आयर्न (आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब; नंबर कमी तितका चेंडू लांब).

पण त्याआधी बंकरची पुढची कड पाहा, कारण क्लब तीच ठरवते. बंकरबाहेर क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) वर करून तो जमिनीवर ठेवा, दांड्याचं टोक लक्ष्याकडे करा आणि चेहऱ्यावर पाय दाबा. दांडा ज्या कोनात उठेल, चेंडू त्याहून थोडा खालूनच निघतो. शंका आली तर जास्त लॉफ्टचा, म्हणजे चेहरा जास्त तिरका असलेला आणि चेंडू उंच उडवणारा क्लब घ्या. ग्रीनपर्यंत पोचायचा हट्ट इथे फार महागात पडतो.

सरावासाठी सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर रेघ ओढा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. वाळू रेघेच्या पुढेच उडाली पाहिजे. सामन्यात मात्र सरावाच्या किंवा मागे नेतानाच्या स्विंगमध्ये क्लब वाळूला लागला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो.

प्रश्न: चेंडू अर्धा रुतला असेल तर?

उत्तर: लांबचा विचार सोडा. वेज (जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) घेऊन जवळच्या फेअरवेवर काढा.